वाचकांचे प्रश्न : वसंतात पोर्तोफिनो

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचं पोर्तोफिनो हे छोटं, झगमगीत बंदर बघायला मार्च ते मे या काळात जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं जमली आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

अंबानींच्या घरच्या लग्नाआधीच्या क्रूझची सांगता 2024 साली पोर्तोफिनोला झाली, तेव्हापासून हे नाव आमच्या डोक्यात आहे. आम्ही दोघं एप्रिलमध्ये जाणार आहोत. तीन रात्री तिथेच राहावं का? (ठाणे)

राहू नका. जा जरूर, पण मुक्काम दुसरीकडे ठेवा. पोर्तोफिनोची वस्ती साधारण 400 माणसांची आहे आणि धक्क्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत. हॉटेलं मोजकी, त्यांचे दर डोळे पांढरे करणारे, आणि संध्याकाळी दिवसाच्या बोटी परत गेल्या की करण्यासारखं फारसं उरत नाही. त्या शांततेसाठीच पैसे मोजायचे असतील तर एक रात्र ठीक आहे. तीन रात्री म्हणजे पैसे पाण्यात.

मुक्कामाला सांता मार्गेरिता लिगुरे बरं. तिथले लोक नुसतं ‘सांता’ म्हणतात. पोर्तोफिनोपासून जेमतेम 5 किलोमीटर, रेल्वे स्टेशन आहे, बस आणि बोट दोन्ही आहेत, रोजच्या वापराची दुकानं आणि साधी खानावळही मिळते. त्याहून स्वस्त हवं तर रापाल्लो. गर्दी कमी आणि जुन्या कोळी-खलाशी वस्तीचा बाज हवा तर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कामोल्यी. तीन दिवसांची वाटणी अशी करा: अर्धा दिवस पोर्तोफिनो, एक अख्खा दिवस सान फ्रुत्तुओसोची डोंगरवाट, आणि उरलेल्यात कामोल्यी नि रापाल्लो. खरं वैभव त्या डोंगरात आणि समुद्रात आहे. धक्क्यावरची दुकानं मिलानमध्येही बघायला मिळतात.

नेमके कोणते दिवस धरावेत? ऑफिसची रजा आत्ताच टाकायची आहे. (पुणे)

आधी इटलीचं कॅलेंडर उघडा, मग आपलं. वसंतात तिथे गर्दीच्या चार लाटा येतात: ईस्टरचा शनिवार-रविवार-सोमवार, 25 एप्रिलचा मुक्तिदिन, 1 मे आणि 2 जूनचा प्रजासत्ताक दिन. यातली सुटी गुरुवारी किंवा मंगळवारी आली की लोक मधला दिवस जोडून चार दिवसांची रजा करतात आणि मिलान-तुरिनची माणसं सगळी किनाऱ्यावर उतरतात. ईस्टरची तारीख दर वर्षी सरकते. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे. त्याच दिवशी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा त्या दिवशीची गाडी किंवा विमान असेल तर वेळ दोनदा तपासा. भारताशी फरक साडेचार तासांवरून साडेतीनवर येतो.

आमची पसंती: ईस्टर उलटून गेल्यावर 22-23 एप्रिलपर्यंतचे दिवस, नाहीतर 5 मेनंतरचे दोन आठवडे, तेही सोमवार ते गुरुवार. एप्रिलमध्ये दिवसा 17-18 अंश, रात्री 11-12. मेमध्ये दिवसा 20-21. समुद्राचं पाणी एप्रिलमध्ये 15 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे पोहण्याचा बेत नको. मार्चमध्ये जाणारे स्वस्तात राहतात, पण बोटी कमी असतात, काही हॉटेलं आणि खानावळी अजून उघडलेल्या नसतात.

दोन सण मात्र मुद्दाम साधण्यासारखे. पोर्तोफिनोचा रक्षक संत म्हणजे सेंट जॉर्ज. त्याचा दिवस 23 एप्रिल, आणि त्या सुमारास चौकात मोठी होळी पेटवतात. ती त्याच दिवशी असते की पुढे ढकलली आहे, हे गावाच्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. दुसरा कामोल्यीचा मासळीचा सण, मेच्या दुसऱ्या रविवारी. काही मीटर व्यासाच्या प्रचंड कढईत मासे तळून वाटतात. त्या रविवारी कामोल्यीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा रेल्वेने सकाळी लवकर पोचा.

शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किती आधी तयारी करावी? (नाशिक)

नियमाप्रमाणे प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. प्रत्यक्षात अडतं ते अपॉइंटमेंटपाशी. उन्हाळी सुटीची गर्दी फेब्रुवारीपासूनच सुरू होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जायचं असेल तर जानेवारीत अर्ज गेलेला बरा. प्रौढांचं शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांचं 45, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज गोळा करणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि तो सगळ्या शेंगेन देशांत लागू असला पाहिजे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला.

अर्ज अडकतात ते बहुधा दोन कारणांनी. एक, हॉटेलचं बुकिंग आणि प्रवासाचा आराखडा जुळत नाही: आराखड्यात चार रात्री इटली, बुकिंग मात्र स्वित्झर्लंडचं जास्त. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. दोन, अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरलेली दिसते. सहा महिन्यांचं सरळ चालणारं खातं यापेक्षा जास्त विश्वास देतं.

आणखी एक: शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करण्याची पद्धत 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो. मिलानला उतरून लगेच पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये तीन तास ठेवा.

मिलानहून पोर्तोफिनोचं तिकीट ॲपवर सापडत नाही. (कोल्हापूर)

सापडणार नाही, कारण पोर्तोफिनोला रेल्वेच नाही. ‘सांता मार्गेरिता लिगुरे-पोर्तोफिनो’ असं स्टेशन शोधा. मिलानो चेंत्रालेहून थेट इंटरसिटी गाड्या आहेत, दोन ते अडीच तास लागतात. थेट गाडी नसेल तर जेनोवाला उतरून प्रादेशिक गाडी धरा. पुढे पाऊण तासाच्या आत सांता येतं.

दंड होतो तो प्रादेशिक गाडीच्या तिकिटावर. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवरचं असेल तर चढण्याआधी ॲपमध्ये किंवा ईमेलमधल्या दुव्यावर ‘चेक-इन’ करायचं. तिकीट काढलं म्हणजे झालं असं समजून लोक बसतात आणि तपासनीस समोर आल्यावर चेक-इन करायला जातात. तोवर उशीर झालेला असतो. इंटरसिटीच्या आरक्षित तिकिटाला हे काही लागत नाही.

संपाचाही विचार ठेवा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, बहुधा गुरुवार-शुक्रवारी येतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 6 ते 9 या वेळात काही प्रादेशिक गाड्या सोडणं बंधनकारक असतं. मिलानहून विमान असलेल्या दिवशी संप असेल तर आदल्या रात्रीच मिलान गाठा.

आम्ही झुरिकमध्ये राहतो. मेमध्ये आई-बाबा येणार आहेत, दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना पोर्तोफिनो झेपेल का? (झुरिक)

झेपेल, वाट नीट निवडली तर. झुरिकहून मिलान साधारण साडेतीन तास, तिथून वर सांगितल्याप्रमाणे. एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे त्यांच्या व्हिसावर इटली चालते, पण पासपोर्ट बरोबर हवाच; सीमेवर गाडीत तपासणी होते.

सांताच्या स्टेशनबाहेरच पोर्तोफिनोची 782 क्रमांकाची बस मिळते. रस्ता अरुंद आणि वळणांचा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. आईंना गाडी लागत असेल तर पुढच्या बाजूला बसवा. बस पोर्तोफिनोच्या वरच्या चौकात सोडते. तिथून धक्क्यापर्यंतची गल्ली उताराची आहे, पायऱ्या नाहीत, पण दगडी फरसबंदी पावसात निसरडी होते. जाताना बस आणि येताना बोट असं केलंत तर समुद्रातून गावाचं तोंड दिसतं, तेही महत्त्वाचं. समुद्र शांत असेल तरच बोट. धक्क्यावरून बोटीत जायची फळी लाटेबरोबर हलते, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते एक पाऊल सबंध चढापेक्षा जड जातं. खलाशी हात देतात. तो घ्यावा.

सान जॉर्जो चर्चपर्यंतचा चढ आईंना करू द्या. थांबत थांबत पंधरा मिनिटं धरा. चर्च छोटंसं आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यानंतर पुन्हा बांधलेलं. पण त्याच्या ओट्यावर उभं राहिलं की एका बाजूला खाली बंदर आणि दुसऱ्या बाजूला सरळ उघडा समुद्र, असं दोन्ही एकदम दिसतं. पुढे किल्ला आणि दीपगृह आहेत. त्या वाटेवर चढ-उतार नि पायऱ्या आहेत, तिकडे बाबांना एकट्याने पाठवा आणि आईंना ओट्यावर बसू द्या.

धक्क्यावर फोटो काढायला थांबलं तर दंड होतो, हे खरं आहे का? (नागपूर)

अर्धं खरं. 2023 मध्ये तिथल्या नगरपालिकेने धक्क्यालगतचे दोन तुकडे ‘थांबू नका’ म्हणून ठरवले. वेळ सकाळी 10:30 ते संध्याकाळी 6, कालावधी ईस्टरपासून 15 ऑक्टोबरपर्यंत, दंड 275 युरोंपर्यंत. फोटोला बंदी नाही, वाट अडवून घोळका करण्याला आहे. नियम दर हंगामात बदलू शकतात, त्यामुळे लावलेल्या पाट्या बघा.

तसंही साडेदहानंतर थांबण्यात अर्थ नाही. बंदराचं तोंड पूर्वेकडे असल्यामुळे घरांच्या दर्शनी भिंतींवर सकाळचं ऊन पडतं. दुपार कलली की सूर्य मागच्या डोंगराआड जातो आणि रंग मावळतात. नऊच्या आत पोचलात तर ऊन चांगलं, धक्का मोकळा, जाळी आवरणारे दोन-चार कोळीही दिसतील. त्या वेळी भिंती जवळून बघा: काही खिडक्या, त्यांच्या चौकटी, अगदी दगडी नक्षीसुद्धा रंगाने काढलेली आहे. दहा पावलांवरून ओळखू येत नाही. उजेड तिरका असला की खऱ्या खिडकीची सावली पडते, रंगवलेलीची पडत नाही.

ज्याला सगळे ‘पियात्सेत्ता’ म्हणतात त्या चौकाचं अधिकृत नाव ओलिवेत्ताच्या हुतात्म्यांचं आहे. डिसेंबर 1944 मध्ये जर्मन नाझींनी 22 राजकीय कैद्यांना इथे जवळच ठार मारलं. महागड्या कॉफीच्या टेबलांमधून जाताना त्या पाटीकडे फारसं कुणी बघत नाही.

सांता ते पोर्तोफिनो चालत जाता येतं का? (पणजी)

येतं, आणि जावंच. एकूण सव्वा तास. पाराजीच्या हिरव्यागार पाण्याच्या खाडीपर्यंत रस्त्याकडेची पायवाट, बरीचशी सपाट. पाराजीपासून रस्ता सोडून पायऱ्या चढा. तिथून झाडीतली वेगळी पायवाट थेट गावात सान मार्तिनो चर्चपाशी उतरते. हाच किनाऱ्याचा रस्ता 29 ऑक्टोबर 2018 च्या वादळात लाटांनी तोडून नेला होता, तो एप्रिल 2019 मध्ये पुन्हा सुरू झाला.

सान फ्रुत्तुओसोची डोंगरवाट सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सोपी जाईल का? आम्ही सहा जण आहोत. (सातारा)

चढ म्हणून सोपी. राजगड-तोरणा करणाऱ्यांना दम लागणार नाही. पण इथे लोक फसतात ते चढाने नाही, परतीने.

सान फ्रुत्तुओसो म्हणजे एका अरुंद खाडीत, पाण्याला लागून असलेला जुना मठ. रस्ता नाही, चालत जायचं किंवा बोटीने. 1983 पासून एफएआय ही वारसा जपणारी संस्था तो सांभाळते. आत जेनोवाच्या दोरिया घराण्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडी समाध्या आहेत. पोर्तोफिनोहून वाट सुमारे दोन तासांची. सुरुवातीला गावातून पायऱ्यांनी चढायचं, मग ऑलिव्हची पायऱ्यापायऱ्यांची शेतं ओलांडत, जंगलातून आडवं जायचं आणि शेवटी वळणावळणाने खाडीत उतरायचं. हा शेवटचा उतार गुडघ्यांवर येतो, आणि ओल्या पानांवर पाय सटकतात. बूट तळाला पकड असलेले हवेत, पाणी माणशी दीड लिटर, कारण मधल्या टप्प्यात भरवशाचं पाणी नाही.

पुष्कळ जण चालत जाऊन बोटीने परत येण्याचा बेत करतात. बेत चांगला आहे, पण नैऋत्येचा वारा सुटला की सान फ्रुत्तुओसोच्या धक्क्याला बोट लागू शकत नाही आणि फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात. पोर्तोफिनोचं बंदर वळणाच्या आड असल्यामुळे तिथे पाणी शांतच दिसतं, त्यावरून अंदाज बांधू नका. म्हणून क्रम असा ठेवा. सकाळी निघण्याआधी तिकीट खिडकीवर विचारा की आज दुपारच्या फेऱ्या नक्की आहेत का. एप्रिलच्या आठवड्यातल्या दिवसांत फेऱ्या कमी असतात, तेव्हा शेवटच्या बोटीची वेळ लिहून घ्या आणि तिच्या आधीची बोट पकडायची असं ठरवा. साडेनऊला चालायला लागा. बोट रद्द झालीच तर दुपारी साडेतीनला परत चढायला सुरुवात करा. एप्रिलच्या मध्याला सूर्यास्त आठच्या सुमारास होतो, म्हणजे उजेड पुरतो.

कामोल्यीकडे उतरायचं असेल तर ‘पिएत्रे स्त्रेत्ते’ची वरची वाट घ्या, तीन तास धरा. समुद्राच्या कड्यावरून जाणारी ‘बात्तेरिये’ची वाट साखळ्या धरून पार करायची आहे. ती कोरड्या दिवशी, अनुभवी माणसांनीच करावी. पावसानंतरच्या दिवशी तुम्ही सहाही जण कितीही सराईत असलात तरी नको.

आम्ही शाकाहारी आहोत, घरातल्या दोघी जैन. उपाशी राहायची वेळ येईल का? (सांगली)

उलट लिगुरियासारखा भाग इटलीत शोधून सापडणार नाही. फक्त कुठे काय लपलेलं असतं ते माहीत हवं.

सगळ्यात निर्धास्त पदार्थ फारिनाता: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. साधारण 300 ग्रॅम पिठाला लिटरभर पाणी, काही तास भिजवायचं, वर आलेला फेस काढायचा आणि मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजायचं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा जाडसर, कडेला कुरकुरीत भाऊच. यात दूध-अंडं काही नाही. काही ठिकाणी कांदा किंवा बारीक मासळी घालतात, तेव्हा साधाच मागा. भट्टी बहुधा संध्याकाळी पेटते, दुपारी विचारून निराश होऊ नका.

पेस्तो ही इथली हिरवी चटणी. तिच्यात तुळशीच्या जातीची पानं, चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, तेल, मीठ, पार्मेजान आणि पेकोरिनो चीज, आणि लसूण. म्हणजे जैनांसाठी बाद. शिवाय पेस्तोच्या पास्त्यात इथे बटाटा आणि फरसबीही घालतात. पार्मेजान चीज बनवताना वासराच्या जठरातलं विरजण वापरणं त्याच्या नियमातच आहे, तेव्हा काटेकोर शाकाहारी असाल तर हेही लक्षात घ्या. फोकाच्चा म्हणजे चपटा भाजलेला पाव. रेक्को गावचा चीज भरलेला फोकाच्चा चवीला अप्रतिम, यीस्ट न घालता दोन पातळ पापुद्र्यांत मऊ चीज. विरजणाचा प्रश्न तिथेही आहेच. साधा फोकाच्चा ऑलिव्ह तेलाचा असतो, पण पावाच्या काही प्रकारांत डुकराची चरबी घालतात, म्हणून ‘स्त्रुत्तो?’ एवढा एक शब्द विचारा. ‘नाही’ अशी मान हलली म्हणजे घ्यायला हरकत नाही. पान्सोती नावाच्या भरलेल्या पास्त्यात रानभाज्या असतात आणि वर अक्रोडाची चटणी, पण त्यात अंडं आणि लसूण असू शकतं.

खानावळीत ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको. हे दोन्ही म्हणावं लागतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तरी सॅलडवर अँकोव्ही नावाचे छोटे मासे येऊ शकतात.

स्वयंपाकघरं दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर चालू असतात. चार वाजता भूक लागली तर फोकाच्चाचं दुकान. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावतात, ती बसण्याची नि पावाची आकारणी, फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर एक दर, टेबलावर दुसरा. पियात्सेत्तावर हा फरक कित्येक पटींचा असतो. दरपत्रक बाहेर लावलेलं असतं, बसण्याआधी वाचा.

मुलीचं प्री-वेडिंग शूट तिथे करायचं आहे. फोटोग्राफर ड्रोन नेणार म्हणतो. (मुंबई)

ड्रोन घरी ठेवायला सांगा. डोंगर संरक्षित उद्यान आहे, समुद्राचा भाग 1999 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. इटलीत कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी चालकाची नोंदणी आणि विमा दोन्ही लागतं. व्यावसायिक चित्रीकरणासाठी नगरपालिकेकडे आधी अर्ज करावा लागतो. स्टँड, रिफ्लेक्टर, साड्यांच्या बॅगा घेऊन धक्क्यावर उभं राहिलात की कोणीतरी विचारणारच. हातातल्या कॅमेऱ्याने, सकाळी आठला, दोघांपुरतं काम उरकलं तर अडचण येत नाही. किंमत कमी हवी नि मोकळीक जास्त हवी तर कामोल्यीचा रंगीत धक्का बघा. फोटोत फरक फार थोड्यांना कळेल.

भाड्याची गाडी घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

या तुकड्यासाठी नाही. पोर्तोफिनोत शेवटी एकच पार्किंग, ते भरलेलं आणि महाग. आजूबाजूच्या गावांत बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या, कॅमेऱ्यांनी नजर ठेवलेल्या हद्दी आहेत. दंडाची चिठ्ठी महिन्यांनी गाडीच्या कंपनीमार्फत घरी येते. घ्यायचीच असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. नुसता भारतीय परवाना पुरत नाही.

पाऊस लागला तर? (रत्नागिरी)

कोकणासारखा दिवसेंदिवस नसतो, पण तासाभरात जोरदार कोसळतो. लिगुरियात पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे जाहीर होतात. नारिंगीला डोंगरवाटेचा आणि बोटीचा बेत सोडा. जेनोवा गाठा: जुन्या शहरातल्या वाड्यांची रांग आणि मत्स्यालय, दोन्ही छताखाली. छत्रीपेक्षा टोपीचा विंडचीटर न्या, इथला वारा छत्री उलटी करतो.

पाण्याखालचा ख्रिस्ताचा पुतळा बोटीतून दिसतो का? (डोंबिवली)

क्वचितच. गिदो गाल्लेत्तीने घडवलेला, अडीच मीटर उंचीचा हा ब्राँझचा पुतळा 1954 मध्ये सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत सुमारे 17 मीटर खोल बसवला. पाणी अगदी निवळ आणि स्थिर असलं तर वरून हात पसरलेली धूसर आकृती दिसते. नीट बघायचा तर बुडी मारावी लागते, तीही परवानाधारक डायव्हिंग केंद्रामार्फत. एप्रिल-मेमध्ये अंगावर पूर्ण जाड वेटसूट लागतो. बुडीनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो, तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी ही बुडी ठेवू नका.